खरा रिपोर्ट: लखनौ, कोरिया आणि जनरल थोरात

लखनौला पोस्टिंग आलं की गावाकडून येणाऱ्या फोनवर दोनच फर्माइशी असतात. बायकांना चिकनचे कुर्ते हवे असतात आणि मित्रांना टुंडे कबाबचा फोटो. कोणी जरा वाचणारा असेल तर रेसिडेन्सीबद्दल विचारतो, १८५७ बद्दल विचारतो. माझ्यासाठी मात्र या शहराच्या इतिहासातली एक तारीख वेगळीच आहे, १७ मार्च १९६०. ती इथल्या कुठल्याही टुरिस्ट गाइडला माहीत नाही. त्या दिवशी लखनौमध्ये पूर्व कमानीनं एक लष्करी सराव घेतला होता. त्याचं नाव होतं ‘लाल किला’, आणि तो घेणारा आर्मी कमांडर होता आपल्या कोल्हापूरकडच्या वडगावचा माणूस, लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणूनच ओळखतात.

पूर्व कमान म्हटलं की आज कोलकाता आठवतं. पण १९५५ ते १९६३ या काळात तिचं मुख्यालय इथं लखनौला होतं. म्हणजे ज्या कॅन्टोन्मेंटमध्ये आम्ही सकाळी पीटीला पळतो, तिथूनच तेव्हा नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशच्या सीमेचा विचार चालायचा.

हा लेख लिहायचं कारण आमचं एनसीओ कॅडर. नव्यानं नाईक होणाऱ्या पोरांना मी नेतृत्वाचा क्लास घेतो. फळ्यावर तीन मुद्दे लिहायचे असतात. पहिला, स्वतःला ओळखा. दुसरा, नीट बोला आणि नीट ऐका. तिसरा, आपली मूल्यं सोडू नका. पोरं हुशार आहेत, पटापट वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहून मार्क मिळवतात. पण यांतली निम्मी पोरं पुढच्या वर्षी उंचावरच्या पोस्टवर आठ-दहा जवानांचा सेक्शन सांभाळत असतील. तिथं वही कामाला येत नाही. म्हणून मी त्यांना फळा पुसून थोरात साहेबांची गोष्ट सांगतो. तीच इथं सविस्तर लिहितो आहे.

स्वतःला ओळखणं

थोरातांचा जन्म १९०६ चा. सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये ते अधिकारी झाले आणि पुढं पहिल्या चौदाव्या पंजाब पलटणीत गेले. त्या काळात हिंदी माणसानं अधिकारी होणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टमध्ये हिंदी मुलांसाठी वर्षाला फक्त दहा जागा ठेवल्या होत्या. १९२३ मध्ये इंग्रजांनी ठरवलं की हिंदी अधिकारी ठरावीक आठच पलटणींत पाठवायचे. कारण उघड होतं. कोणा गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी माणसाच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये. पहिली चौदावी पंजाब त्या आठांपैकी एक. पुढं पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयूब खान याच पलटणीत होते.

अशा वातावरणात माणसाकडे दोन वाटा असतात. एक म्हणजे साहेबाची नक्कल करत राहायचं. दुसरी म्हणजे सतत अपमान मोजत कडवट व्हायचं. तिसरी वाट अवघड असते, आणि ती म्हणजे आपण कोण, आपल्याला काय येतं, काय येत नाही हे स्वतःशी स्पष्ट ठेवून काम पक्कं करायचं. थोरात आणि त्यांच्या पिढीतले चांगले अधिकारी या तिसऱ्या वाटेनं गेले.

त्याची कसोटी लागली ब्रह्मदेशात. जानेवारी १९४५ मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ नावाच्या गावाजवळ जपान्यांचा माघारीचा रस्ता तोडायची लढाई झाली. तिथं ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पायदळ पलटणींचे कमांडिंग ऑफिसर हिंदी होते. आठव्या एकोणिसाव्या हैदराबादचे थिमय्या, सोळाव्या दहाव्या बलुचचे एल. पी. सेन आणि दुसऱ्या दुसऱ्या पंजाबचे थोरात. हिंदी अधिकारी लढाईत अख्खी पलटण सांभाळू शकेल का, अशी शंका तोवर इंग्रजी मेसमध्ये उघडपणे घेतली जायची. थोरातांच्या पलटणीनं ‘मेलरोज’ असं सांकेतिक नाव दिलेली टेकडी संगिनी लावून घेतली. त्या लढाईबद्दल तिघांनाही डीएसओ मिळालं.

शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण फक्त चढाई सांगतो. मी पोरांना विचारतो, चढाईच्या आदल्या रात्री कमांडरच्या मनात काय चालत असेल? चुकलो तर माझी माणसं मरतील, आणि वर लोक म्हणतील की बघा, हिंदी माणसाला जमलं नाही. एवढं ओझं डोक्यावर असताना त्याला ठरवायचं असतं की आपण टेकडीवर जातोय ते काम म्हणून, की स्वतःला सिद्ध करायला म्हणून. ज्याला हा फरक कळत नाही तो जवानांना आपल्या नावासाठी खर्च करतो. स्वतःला ओळखणं म्हणजे हेच. आपल्याला कशाची भीती वाटते आणि कशाचा मोह आहे, हे ऑर्डर द्यायच्या आधी ठाऊक असलं पाहिजे. सेक्शन कमांडरलाही ते तितकंच लागू आहे. गस्तीवर पुढं कोणाला पाठवायचं हे ठरवताना रागावर ठरवतोस की गरजेवर, हे फक्त तुलाच माहीत असतं.

बोलणं आणि ऐकणं

२७ जुलै १९५३ ला कोरियातलं युद्ध थांबलं. पण युद्धकैद्यांचं काय करायचं, यावर सगळं अडलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे सुमारे साडेबावीस हजार असे चिनी आणि उत्तर कोरियाचे कैदी होते, ज्यांचा मायदेशी परत जायला नकार होता. दुसऱ्या बाजूकडे असे ३५९ जण होते, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. या सगळ्यांना काही महिने तटस्थ देशाच्या ताब्यात ठेवायचं, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांना समजावून सांगायचं आणि मग ज्यानं त्यानं निर्णय घ्यायचा, असं ठरलं. त्यासाठी पाच देशांचा आयोग नेमला. अध्यक्ष होते कांगॉचे तेच थिमय्या. आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करायला गेली आपली फौज, कस्टोडियन फोर्स इंडिया. तिचे कमांडर मेजर जनरल थोरात.

काम विचित्र होतं. आपल्या जवानांना शत्रू नव्हता आणि मित्रही नव्हता. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर जाहीर केलं होतं की हिंदी सैनिकाला आमच्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही. त्यामुळे इंचॉनच्या बंदरात जहाजावरून उतरवून आपल्या सगळ्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांनी थेट दोन्ही फौजांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. बहुतेकांचा तो हेलिकॉप्टरचा पहिलाच प्रवास असणार. तिथं आपला तळ उभा राहिला, त्याचं नाव ‘हिंद नगर’.

छावण्यांच्या आत वेगळंच राज्य होतं. चिनी कैद्यांमध्ये कम्युनिस्टविरोधी पुढाऱ्यांची घट्ट पकड होती. कितीतरी कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या. परत जायचंय असं कोणी म्हणालं तर त्याचा जीव धोक्यात यायचा. अशी माणसं रात्री-बेरात्री कुंपणाशी येऊन आपल्या पहारेकऱ्याकडे आसरा मागायची. आपला पहारेकरी गढवाल, हरियाणा किंवा राजस्थानच्या कुठल्या तरी गावातला. समोरचा चिनी किंवा कोरियन. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. अशा जागी बोलायचं कसं, हा प्रश्न व्याख्यानाचा राहत नाही.

२५ सप्टेंबर १९५३. मेजर एच. एस. ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला चिनी कैद्यांनी एका कंपाउंडच्या आत अडकवून ठेवलं. बाहेर आपले जवान हत्यारं घेऊन तयार होते. आपला अधिकारी आत सापडलाय म्हटल्यावर कुठल्याही पलटणीचं रक्त काय होतं, ते मी सांगायला नको. एक हुकूम सुटला असता तर ग्रेवाल कदाचित बाहेर आले असते, कदाचित नसते. पण कैदी शेकड्यांनी मेले असते, आणि ज्या कामासाठी भारत तिथं गेला होता ते त्याच दिवशी संपलं असतं.

थोरात स्वतः आत गेले. बरोबर मोजके लोक. भोवती खवळलेला जमाव. तिथं त्यांनी धमकीनं सुरुवात केली नाही. पाहुणा घरी आलाय, तुमच्याकडे चहा-सिगारेट विचारायची पद्धत नाही का, अशा सुरात त्यांनी बोलणं काढलं. चिनी माणसाच्या घरी पाहुण्याचा मान मोठा असतो, हे त्यांनी हेरलं होतं. चहा आला, सिगारेटी आल्या. जमाव यजमान झाला. एकदा माणूस यजमान झाला की त्याला पाहुण्यावर हात टाकणं जड जातं. बोलणी झाली आणि ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. या कामगिरीबद्दल थोरातांना अशोक चक्र वर्ग दोन मिळालं. त्यालाच १९६७ नंतर कीर्ती चक्र म्हणतात.

ही गोष्ट सांगितली की कॅडरमधली पोरं खूश होतात. तेव्हा मी त्यांना पुढचं पान सांगतो. त्यानंतर आठवड्याच्या आतच, ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत, कैद्यांच्या दंग्यात आपल्या पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले. म्हणजे चहा दर वेळी चालत नाही. बोलण्यानं सगळं सुटतं असं थोरातांची गोष्ट सांगत नाही. ती एवढंच सांगते की बोलून सुटणारी वेळ आणि न सुटणारी वेळ यांतला फरक कमांडरला ओळखता आला पाहिजे, आणि पहिल्या वेळी त्यानं स्वतः पुढं गेलं पाहिजे. ‘तू आत जाऊन बघ’ असं म्हणणारे खूप असतात.

शेवटी बहुतेक कैद्यांनी परत जायला नकारच दिला. जानेवारी १९५४ मध्ये त्यांना ज्या बाजूकडून घेतलं होतं त्या बाजूला परत सोपवलं. ऐंशीहून जास्त कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते आपल्या फौजेबरोबर भारतात आले. ज्या जवानांनी बंदूक घेऊन आपल्यावर पहारा दिला, त्यांच्याच जहाजात बसून त्यांच्या देशात जावंसं एखाद्या कैद्याला वाटावं, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठल्या पहारेकऱ्याला मिळणार?

मूल्यं

आता परत लखनौला येऊ. थोरात १९५७ मध्ये पूर्व कमानीचे प्रमुख झाले. ऑगस्ट १९५९ मध्ये नेफात लाँगजू इथं चिन्यांशी चकमक झाली आणि ती सीमा फौजेकडे सोपवली गेली. सीमा म्हणजे नकाशावरची रेघ. तिथवर जायला रस्ता नाही, कुठं खेचर जातं तर कुठं हमाल. थोरातांनी अभ्यास करून ऑक्टोबर १९५९ मध्ये एक टिपण लिहिलं. त्याचा सारांश साधा होता. एवढ्या सैन्यात आणि एवढ्या रसदीत सीमेच्या अगदी रेघेवर उभं राहून नेफा राखता येणार नाही. पुढं फक्त नजर ठेवणाऱ्या चौक्या ठेवा. खरी लढाई मागं, जिथं आपला दारूगोळा आणि रेशन पोचतं आणि शत्रूचा रस्ता लांबतो, तिथं द्या. आणि त्यासाठी इतकं सैन्य, इतकं सामान लागेल.

हे टिपण सेनाप्रमुख थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेलं. मंत्र्यांना ते उगाच भीती घालणारं वाटलं आणि ते पंतप्रधानांपर्यंत पोचलंच नाही, असं थोरातांनी आपल्या ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

टिपण बाजूला पडलं तेव्हा थोरात गप्प बसू शकले असते. वर्ष-दीड वर्षानं ते रिटायर होणार होते. थिमय्यांच्या मागं सेनाप्रमुख म्हणून त्यांचं नाव घेतलं जात होतं. अशा वेळी माणूस सहसा वाऱ्याची दिशा बघतो. थोरातांनी मार्च १९६० मध्ये ‘लाल किला’ घेतला. फौजेतल्या वरिष्ठांसमोर नकाशावर लढाई मांडली. चिनी आले तर कुठून येतील, किती दिवसांत कुठवर पोचतील, आपल्या चौक्या कशा पडतील, हे दिवसागणिक दाखवलं. तक्रार केली नाही, कोणाला नावं ठेवली नाहीत, वर्तमानपत्रात गेले नाहीत. जे खरं होतं ते आपल्या अधिकारात, आपल्या लोकांसमोर आकड्यांनिशी ठेवलं.

मे १९६१ मध्ये ते रिटायर झाले. थिमय्यांनी सुचवूनही सेनाप्रमुखपद थोरातांना मिळालं नाही. ते जनरल थापर यांच्याकडे गेलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीच्या काठावर सातवी ब्रिगेड उभी होती ती अगदी रेघेवर, खोल दरीत, समोर शत्रूच्या ताब्यातली उंच धार. कितीतरी जवान सुती कपड्यांत होते. हातात माणशी पन्नास गोळ्या. त्या जागी उभं राहणं चूक आहे हे तिथल्या कमांडरांना कळत होतं, काहींनी वर कळवलंही होतं. पण मधल्या साखळीत ‘होय साहेब’ म्हणणारे जास्त होते. महिन्याभरात सेला आणि बोमडिला गेलं. त्या युद्धाचे सरकारी आकडे आहेत ठार १३८३, बेपत्ता १६९६ आणि युद्धकैदी ३९६८. ‘लाल किला’त मांडलेलं चित्र बरंचसं तसंच उतरलं होतं.

पंतप्रधान नेहरूंनी नंतर थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं आणि तेव्हा त्या टिपणाची विचारपूस झाली. नव्यानं नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेत थिमय्या आणि थोरात दोघांना घेतलं. थोरात गेले, जमेल ते सांगितलं. पुढं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम केलं.

कॅडरमध्ये एका पोरानं मला विचारलं होतं, ‘साहेब, एवढं खरं सांगून उपयोग काय झाला? ऐकलं तर कोणीच नाही.’ प्रश्न बरोबर आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. खरा रिपोर्ट दिला की तो ऐकला जाईलच असं नाही. प्रमोशन मिळेल असंही नाही. शेवटचा निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा असतो आणि तो तसाच असायला हवा. फौजेनं सरकारला हुकूम सोडलेले देश आपल्या शेजारी आहेत, त्यांचं काय झालं ते आपण पाहतो. पण निर्णय घेणाऱ्याला खरी माहिती देणं ही आपली नोकरी आहे. ती दिली नाही तर निर्णय चुकल्याचा दोष आपलाही. ती दिली, लेखी दिली, पुन्हा पुन्हा दिली, तर निदान मेलेल्या जवानाच्या आईसमोर नजर खाली घालावी लागत नाही.

मी त्या पोराला एवढंच म्हटलं की जनरलच्या टिपणाचं सोड, तुझ्या सेक्शनचं बघ. रात्री रेडिओवर साहेब विचारतात, ‘सब ठीक?’ बूट फाटलेत, बॅटरी दोनच उरल्यात, एका जवानाला दोन दिवस डोकेदुखी आणि उलट्या आहेत, तो ‘उंचीमुळं होतं असं’ म्हणून टाळतोय. आणि तुझ्या तोंडून निघतं, ‘सब ठीक, साब.’ कारण तक्रारखोर दिसायला नको. हाही ‘लाल किला’च आहे, लहान नकाशावरचा. तिथं चौदा-पंधरा हजार फुटांवर त्या जवानाच्या फुप्फुसात पाणी भरत असेल, तर त्याला खाली आणायची वेळ तुझ्या त्या दोन शब्दांत निघून जाते.

वर खरं सांगायला जशी हिंमत लागते, तशी खालचं खरं ऐकायलाही लागते. ज्या सेक्शन कमांडरसमोर जवान ‘मला जमत नाहीये’ असं म्हणू शकत नाही, त्याला वर सांगायला खरं काही मिळतच नाही. म्हणून फळ्यावरचे ते तीन मुद्दे मला वेगळे वाटत नाहीत. स्वतःची भीती ओळखलेला माणूस दुसऱ्याचं नीट ऐकतो, आणि नीट ऐकणाऱ्याकडेच वर सांगण्यासारखं खरं असतं.

या कॅडरची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. प्रश्नपत्रिकेत नेतृत्वाचे गुण लिहायला येतीलच, पोरं लिहितीलही. मी मात्र रोज संध्याकाळी रोलकॉलनंतर प्रत्येकाकडून एक तोंडी रिपोर्ट घेतो आहे. नियम एकच, त्यात आपल्या सेक्शनची एक तरी अडचण असली पाहिजे. पहिल्या दिवशी सगळे गप्प होते. काल एकानं सांगितलं की त्याच्या शेजारच्या खाटेवरचा जवान तीन रात्री झोपलेला नाही, घरी वडील आजारी आहेत आणि तो कोणाला बोलत नाही. आज सकाळी त्या जवानाचा रजेचा अर्ज वर गेला.

जय हिंद.